उजवीकडं बसणारी बाई

इंगरबाई आमच्या घरी राहायला आल्या त्या संध्याकाळपर्यंत गावानं त्यांच्याबद्दल तीन तर्क केले होते. त्या धर्मांतर करायला आल्यात, त्या जमीन बघायला आल्यात, किंवा त्या तिकडं काहीतरी भानगड करून इकडं पळून आल्यात. मी शिकलेला माणूस असल्यामुळं या तर्कांवर हसलो आणि माझा चौथा मनात ठेवला: बाई पुस्तक लिहिणार. परदेशातून येऊन खेड्यात राहणारा माणूस शेवटी पुस्तक लिहितो, आणि त्यात आपण असतो, बहुधा तंबाखू मळताना.

मी बत्तीस वर्षं रहिमतपूरजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली बहुतेक माणसं हयात आहेत आणि सगळ्यांकडं फोन आहेत. मुलगा पुण्याला असल्यानं आमच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मिरजेच्या एका संस्थेचा माणूस आला आणि म्हणाला, "सर, डेन्मार्कच्या एक बाई आहेत. कानात बसवायच्या मशिनचे साचे करायचं काम त्यांनी तिकडं आयुष्यभर केलं. आता निवृत्त झाल्यात. आमच्या शिबिराला दोन आठवडे आल्या होत्या, आता वर्षभर राहून फुकट काम करायचं म्हणतात. तुमच्या भागात फौजी लोक फार, त्यांना गरज फार. आणि तुम्हांला इंग्रजी येतं." शेवटचं वाक्य त्यानं अशा सुरात म्हटलं की नकार देणं म्हणजे इंग्रजी येत नाही असं कबूल करणं झालं असतं.

आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, आणि त्यातले बरेचसे तोफखान्यात. पेन्शनीवर आलेली ही माणसं पारावर बसली की एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना हाका मारतात. गावाला वाटतं, फौजेत आवाज असाच कमावतात. ते बहिरे आहेत असं कुणी म्हणत नाही. हाक मारून ओ मिळाली नाही तर म्हणतात, "तात्या इचारात असत्यात."

इंगरबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. उंच, सडसडीत, केस आखूड आणि पांढरे, पायात पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांचं नाव गावाला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या इंगळेबाई झाल्या. मग परगावचा पाहुणा पारावर बसून विचारायचा, "इंगळे म्हंजे कुठलं?" आणि त्याला "डेन्मार्कचं" असं उत्तर मिळालं की तो पुढं विचारायचा, "तसं न्हवं, मूळचं?"

सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्याच चहाला चौकशी उरकून घेतली. मालक? वारले. मुलं? नाहीत. मग इकडं कशाला? हा शेवटचा प्रश्न मी इंग्रजीत जरा सभ्य करून विचारला. बाई म्हणाल्या, घर रिकामं वाटायला लागलं होतं. नंतर एकाला त्यांनी सांगितलं की थंडीचा कंटाळा आला होता. मला एकदा म्हणाल्या, "तिकडं मला कुणी काही विचारत नाही. इथं सगळे सगळं विचारतात." तीन माणसांना तीन कारणं. मी ही गोष्ट सुमनच्या कानावर घातली तर ती म्हणाली, "त्यात काय? मास्तर का झालात ते तुम्ही मला एक सांगितलंत आणि माझ्या वडलांना दुसरंच."

पण संशय यावा अशा गोष्टी होत्याच. संध्याकाळी जेवताना त्या टेबलावर मेणबत्ती लावायच्या. लाईट असताना. शेजारच्या बायका खिडकीतून बघून गेल्या आणि ही प्रार्थनाच, असं ठरलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, आमच्याकडं हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, सवय आहे. ज्वारीच्या पिठाचा पाव भाजायचा त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. तो पाव सुमननं एकदा दाराला अडणा म्हणून लावला. उत्तम काम दिलं त्यानं.

दुसरं म्हणजे त्या कुठल्याही घरात गेल्या की आधी टीव्ही बंद करायला सांगायच्या, मग पंखा, मग स्वयंपाकघरातला मिक्सर. सगळं शांत झालं की बोलायला लागायच्या, तेही अगदी हळू, समोरच्याच्या तोंडासमोर तोंड आणून. आमच्याकडं हळू बोलणारा माणूस एक तर वकील असतो, नाहीतर वाटणी मागायला आलेला भाऊ. बाई बोलणं टेप करत असणार, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला.

तिसरी गोष्ट फक्त मला माहीत होती. आमच्या ओसरीवर माझी खुर्ची असते आणि तिच्या डाव्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, पाहुण्याची. वर्षानुवर्षं तशीच आहे. इंगरबाई पहिल्या दिवशी आल्या, दोन मिनिटं त्या खुर्चीत बसल्या, उठल्या, खुर्ची उचलली आणि माझ्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली. तिथं ऊन येतं, नळाचं पाणी उडतं. सुमननं खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा उचलली. रोज. मी एकदा त्या उन्हात स्वतः बसून बघितलं. तिथून आमच्या आतल्या खोलीतलं कपाट सरळ दिसतं. त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप लावायला लागलो. आत माझी जुनी पुस्तकं होती आणि सत्कारात मिळालेल्या सात शाली, ज्यांतली एकही ऊब देत नाही.

त्यांची मराठी सर्जेराव तात्यांकडून आलेली. सर्जेराव तात्या म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले रिटायर हवालदार. एकवीस वर्षं तोफखान्यात, आणि नंतर जवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन. त्यांनी बाईंना एकच संबोधन शिकवलं, गड्या. तात्यांच्या जगात ते सगळ्यांना चालतं. बाईही मग पोस्टमनपासून सुमनपर्यंत सगळ्यांना गड्या म्हणायला लागल्या. मला मात्र "आवं सर" म्हणायच्या. ते तात्यांनीच बजावलं होतं म्हणे: "मास्तर मानूस हाय, राग लवकर येतो."

तात्या पहिल्यांदा आले ते परसातल्या दारानं, भर दुपारी, सुमनसाठी कांदे आणलेत या निमित्तानं. बराच वेळ कांद्यांवर बोलले. मग आपण होऊनच बाईंच्या टेबलासमोर बसले. बाईंनी काळ्या पुठ्ठ्याची वही काढली, पानावर दोन कान काढले, एक डावा एक उजवा, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी भाषांतर करत होतो. तोफ कुठली होती? किती वर्षं? तोफेच्या कुठल्या अंगाला उभे राहायचात? दिवसाला किती गोळे?

तात्या ताठ झाले. माझ्याकडं झुकून त्यांनी कुजबुजल्यासारखं केलं. ती कुजबुज तीन घरांत ऐकू गेली. "सर, ह्ये असलं दुश्मनाला लागतं. कानाच्या बाईला कशाला?"

"ज्या बाजूला तोफ, त्या बाजूचा कान जास्त जातो, म्हणून," मी बाईंचं उत्तर सांगितलं.

"कोन म्हनलं कान गेलाय? मी आपलं बगाय आलोय."

बघता बघता त्यांनी कान पुढं केला. बाईंनी दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवला आणि पिचकारीनं गुलाबी लगदा भरला. पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. तात्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटं गप्प बघितलं. मग बाईंनी दोरा ओढला आणि तात्यांच्या कानाच्या आतल्या वळणांचा अख्खा ठसा बाहेर आला. तात्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "ह्ये असलं वाकडंतिकडं हाय व्हय आत?"

ठसा हा शब्द गावात फिरला आणि घोटाळा झाला. आमच्याकडं ठसा एकाच कामाला देतात. दुसऱ्याच दिवशी दोन शेतकरी माझ्याकडं येऊन विचारून गेले की अंगठ्यासारखा कानाच्या ठशावरही सातबारा फिरतो का. मी म्हटलं, कायद्यात तसं काही नाही. "आज न्हाई," त्यातला एक म्हणाला. "उद्या करतील."

तरीही माणसं येत राहिली. सगळी परसातल्या दारानं, कुणी कांदे घेऊन, कुणी शेंगा. सुमनला त्या वर्षी भाजीपाला विकत घ्यावा लागला नाही. मशिनं आली, साच्यांत बसली, कानात गेली. तात्यांनी घरी जाऊन मशीन चालू केलं आणि तासाभरात परत आले. "आवं बाई, आमची मालकीन रोज एवढं बोलती? चाळीस वरसं मी कशाला व्हय व्हय म्हनत हुतो, आज कळलं." पण मशीन घालायचं ते घरात. घराबाहेर पडताना ते काढून चंचीत, तंबाखूच्या शेजारी. सगळे तसंच करायचे. मी तात्यांना विचारलं तर म्हणाले, "गेटवर नोकरी हाय, सर. बहिरा वॉचमन कोन ठिवतं? आनि पारावर घालून बसलो तर लोक काय म्हनतील, हवालदार थकला."

मग सत्कार आला.

आमच्या गावात कुणी काही केलं की त्याचा सत्कार होतो, आणि कुणी काही केलं नाही तर त्याच्या हस्ते होतो. सरपंच बाईंकडं तीनदा जाऊन आले. बाई तीनदा म्हणाल्या, "नको गड्या, काम हाय." यानं संशय फार वाढला. शाल-नारळ नको म्हणणारा माणूस त्याहून मोठ्या कशाच्या तरी मागं असणार, हे उघड आहे. मी स्वतः सत्कारांची टवाळी करत आयुष्य काढलं, पण सातही वेळा मान पुढं केली; तेव्हा खरंच नको म्हणणारं माणूस बघून मलाही ते जरा अतीच वाटलं.

शेवटी त्यांना न विचारता फलक लागला. वर सरपंचांचा फोटो, खाली त्याच्या निम्म्या आकाराचा बाईंचा, आणि मजकूर: मा. इंगळेबाई (डेन्मार्क) यांचा भव्य नागरी सत्कार. शाळेच्या मैदानावर मंडप, आणि जत्रेला आणतात तसल्या दोन भिंतीएवढ्या साऊंडच्या पेट्या. पहिल्या रांगेत पेट्यांच्या तोंडासमोर पेन्शनर मंडळी, आणि त्यांच्यापुढं जमिनीवर बालवाडीची पोरं. सरपंच बोलायला उभे राहिले. बाईंनी पिशवीतून आवाज मोजायचं छोटं यंत्र काढलं, त्याच्यावर लाल दिवा लागला. त्या उठल्या, स्टेजवरून खाली उतरल्या, साऊंडवाल्याजवळ गेल्या आणि त्याची परवानगी न घेता आवाजाची कळ खाली ओढली.

सरपंचांना ते लगेच कळलं नाही. त्यांची पुढची तीन-चार वाक्यं साध्या आवाजात झाली, आणि भाषणातून आवाज काढून घेतल्यावर काय उरतं ते गावानं पहिल्यांदा ऐकलं. मग बाई खालूनच म्हणाल्या, हळू, पण त्या शांततेत अगदी स्वच्छ, "गड्या, हळू बोल. पोरांचं कान जातील."

मंडप हसला. सरपंचही हसले. आमच्या सरपंचांचं असं आहे की ते हसले म्हणजे त्यांनी लक्षात ठेवलं.

पंधरा दिवसांनी पोलिसांच्या गोपनीय शाखेचा एक तरुण आमच्या ओसरीवर आला. नम्र मुलगा. पाहुण्याच्या खुर्चीत बसला, म्हणजे माझ्या डाव्या बाजूला, त्यामुळं मी मान वळवून वळवून त्याचं ऐकत होतो. निनावी अर्ज आला होता. परदेशी बाई माजी सैनिकांना गाठून तोफांची माहिती विचारते, कुठली तोफ, किती गोळे, आणि वहीत लिहून ठेवते. अर्जाची भाषा चांगली होती. लिहिणारा माझाच विद्यार्थी असावा.

"बाईंची मुदत दोन महिन्यांनी संपतेय, सर," तो म्हणाला. "त्यांनी एक वर्ष वाढवून मागितलंय. वरनं अहवाल मागितलाय. तोफांचं विचारतात, हे खरं का?"

"विचारतात," मी म्हणालो. "पण कानासाठी."

"मलाही तसंच वाटतं. पण कागद लागतो."

दोन महिन्यांचा अर्थ मला माहीत होता. बहुतेकांचा एकच कान झाला होता. दुसऱ्या कानाचे साचे राहिले होते, आणि पलूसकडच्या दोन गावांची यादी नुसती तयार होती. बाईंनी हे काम अर्ध्यावर सोडायचं म्हणजे आमच्या लोकांनी चंचीतली मशिनं चंचीतच संपवायची. साचा सैल झाला, मशीन शिट्टी मारायला लागलं, की ते बघणारं माणूस दुसरं नव्हतं.

बाईंनी वही स्वतःच आणून दिली. "वाच गड्या." त्या मुलानं दोन पानं उलटली आणि वही माझ्याकडं सरकवली. "सर, तुम्ही इंग्रजीचे. वाचून दोन ओळी लिहून द्या. यात संशयास्पद काही आहे किंवा नाही. उद्या येतो."

मी ती वही आत नेऊन वाचली. दर पानावर एक माणूस. दोन कान काढलेले, जो जितका गेला तितका पेन्सिलीनं काळा केलेला. खाली तोफ, वर्षं, बाजू. मधेमधे त्यांच्या भाषेत काही शब्द. तात्यांच्या पानावर डावा कान जवळजवळ पूर्ण काळा. मी शिक्षकी सवयीनं पानं उलटत होतो, चूक सापडते का बघत. मधल्या एका पानावर नाव होतं, सर.

दोन कान. उजवा कोरा. डावा काळाभोर. खाली इंग्रजीत तीन छोटी वाक्यं: डावा बहुधा लहानपणापासून. सांगत नाहीत. उजवीकडं बसावे.

नऊ वर्षांचा असताना माझा डावा कान वाहायला लागला होता, आणि थांबला तेव्हा ऐकूही येईनासं झालं होतं. हे आईवडलांनंतर कुणाला माहीत नव्हतं. वर्गात मी डावी बाजू फळ्याकडं ठेवून शिकवायचो. सभांना डावीकडच्या टोकाची खुर्ची गाठायचो. पाहुण्याची खुर्ची डावीकडं होती ती वडलांच्या वेळेपासून, आणि ती हलवायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. सुमनला लग्नापासून वाटत आलं की मी विसरभोळा आहे. इतकी वर्षं मी इचारात होतो. आणि या बाईंनी दोन मिनिटांत ओळखलं होतं. रोज उन्हात बसत होत्या त्या माझ्या कपाटासाठी नव्हे.

माझं पान सापडेपर्यंत मी त्या वहीकडं बघत होतो. आता ती माझ्याकडं बघायला लागली.

कृतज्ञता वाटायला हवी होती. मला राग आला. कुणी न विचारता घरात शिरून कपाट उघडावं तसं वाटलं. त्या रागात मी कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर वहीतील काही मजकूर परकीय भाषेत असल्याने त्याविषयी निश्चित सांगता येत नाही. शब्द न् शब्द खरा होता. खोटं लिहायला मला कधीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलानं कागद दोनदा वाचला. "एवढंच, सर?"

"एवढंच."

"मग एक करा. चार-पाच माजी सैनिकांकडनं लिहून घ्या, की हे प्रश्न बहिरेपणासाठी विचारले होते. बास होईल."

मी पारावर गेलो. सहाजण बसले होते, सहाही जणांच्या चंच्या खिशात. मी ओरडून सगळं समजावलं.

"लिवून द्यायचं म्हंजे काय?" एकजण म्हणाला. "आमी बहिरं हाय म्हनून?"

"तसंच."

"आमाला काय झालंय?"

"बाई चांगल्या हायत्या, त्ये बराबर," दुसरा म्हणाला. "कोन इचारलं तर त्वांडी सांगू. कागुद नको."

"माझा नातू फौजंत भरती व्हतोय. आज्जा बहिरा म्हनल्यावर..."

"आज्जाचा कान बघून भरती करत नाहीत," मी म्हणालो.

"तुमाला काय म्हाईत, सर? तुमचं कान चांगलं हायती."

मी चपलांत पाय घातले. तात्या टोकाला बसले होते, काहीच म्हणाले नाहीत. सगळ्यांना वाटलं, इचारात असतील.

घरी आल्यावर सुमननं विचारलं, "तुम्ही काय लिहून दिलंत?" मी सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबले. "एवढं इंग्रजी शिकून हेच लिहिलंत?" तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कारण सांगितलं असतं का, कोण जाणे.

पुढची गोष्ट मला त्या पोलीस मुलानं सांगितली. तिसऱ्या दिवशी सर्जेराव तात्या ठाण्यात आले. जुना कोट, छातीला मेडलं, कानात मशीन. टेबलासमोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "मी बहिरा हाय. लिवा."

हा म्हणाला, "तात्या, बसा तरी."

"बसतो. आधी लिवा." मग त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आता माज्याबद्दल कायबी बोला. शिव्या द्या. ऐकू आलं तर मला आत टाका. एकवीस वरसं तोफंच्या उजव्या अंगाला हुबा हुतो, सायेब. डावा कान तितंच ऱ्हायला. बाई कान हुडकत हुत्या. तोफ न्हाई."

यानं काहीतरी विचारलं. तात्यांनी ऐकलं नाही, सही केली, मशीन कानात घातलं आणि ते तसंच कानात ठेवून, भर बाजारातून, पारावरून घरी गेले. पुढच्या हंगामाला कारखान्यानं त्यांना गेटवर बोलावलं नाही.

तात्यांच्या जबाबाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. म्हटलं, माझा कागद बदलायचा आहे. मुलगा म्हणाला, "अहवाल कालच गेला, सर. तात्यांचा जबाब मागनं पाठवलाय. तुमचाही पाठवतो, द्या." मी तिथंच बसून दोन पानं लिहिली. चांगली उतरली होती. एक उपमाही होती. आपल्या कानाबद्दल मात्र त्यातही लिहिलं नाही.

महिन्यानं उत्तर आलं. मुदत वाढवून देता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं. माझ्या त्या एका ओळीमुळं तसं झालं की त्या ओळीशिवायही झालं असतं, निश्चित सांगता येत नाही.

इंगरबाईंनी कागद वाचून घडी घातली आणि उरलेल्या दिवसांची यादी केली. सकाळी चार साचे, दुपारी चार. मी काय लिहून दिलं ते त्यांना कळलं असणार. गावात सगळं कळतं. त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी त्या ओसरीवर यायच्या, खुर्ची उचलायच्या, माझ्या उजवीकडं उन्हात ठेवायच्या आणि बसायच्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधायचो. काहीतरी असलंच पाहिजे, असं मला वाटायचं. सापडलं नाही.

एक बदल झाला होता. शेवटच्या दोन आठवड्यांत माणसं पुढच्या दारानं यायला लागली. कांदे न घेता.

त्यांना सोडायला रहिमतपूर स्टेशनवर मी, सुमन आणि तात्या गेलो होतो. तात्यांच्या कानात मशीन होतं. सुमननं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. सरपंचांनी माणसाबरोबर शाल आणि नारळ पाठवले होते. बाईंनी नारळ ठेवून घेतला आणि शाल परत केली. "गरम हुतंय गड्या, त्याला सांग."

गाडी दिसली तशी गर्दी हलली, आणि सामानाच्या गडबडीत त्या माझ्या डाव्या हाताला आल्या. ओठ हलायला लागले आणि थांबले. त्यांनी बॅग खाली ठेवली, मला आणि सुमनला वळसा घालून उजवीकडं आल्या, आणि काळी वही माझ्या हातात दिली.

"आवं सर, ही मिरजेला द्या. पुढचं मानूस येईल त्याला लागंल. तुमचं पान हाय त्यात." मग त्यांच्या त्या हळू आवाजात, "फाडायचं तर फाडा. येते."

वही मी मिरजेला पोचवली. पान आहे.

गाडी दोन मिनिटं थांबली. त्या आत जाऊन बसलेल्या मला खिडकीतून दिसल्या. शेजारी पटका बांधलेला एक म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा, पाठ ताठ ठेवून बसलेला. बाई त्याला काहीतरी म्हणाल्या. म्हाताऱ्यानं नुसतीच मान डोलावली, ती मान मी ओळखतो. बाईंनी पुन्हा काही विचारलं, पुन्हा तसंच. मग गाडी हलली, आणि हलत्या गाडीत त्या उठल्या, दांडीला धरून त्याच्या पुढून गेल्या आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. म्हाताऱ्यानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग रिकाम्या झालेल्या जागेकडं, आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घट्ट धरली.